व्यंकोजींची गैरहजर सही

सोमवारी सकाळी दहा वाजता चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका केंद्रीय कार्यालयात वरिष्ठ कारकून व्यंकोजी यांनी हजेरीची सही केली आणि ते गैरहजर झाले.

कार्यालयाने हजेरीपुस्तक बंद करून दारापाशी संगणक ठेवला होता. त्याला जोडलेल्या पाटीवर प्लास्टिकच्या पेनाने सही करायची. यंत्र अक्षर ओळखून पडद्यावर छापील इंग्रजी शब्द उमटवी. व्यंकोजींचे घराणे तंजावरचे, सही मोडीत. यंत्राला मोडी येत नव्हती, आणि येत नाही असे सांगण्याची त्याची पद्धत नव्हती. त्याने त्यातल्या त्यात जवळचा शब्द निवडला : 'ॲब्सेंट'.

"अय्यो सार, मीं इथेंच उभा आहें की!" व्यंकोजी म्हणाले.

अधीक्षक उमाकांत साताऱ्याहून बदलून आलेले. त्यांनी व्यंकोजींकडे पाहिले, मग पडद्याकडे. "मला दिसताय हो तुम्ही. पण माझी उद्या बदली होईल. नोंद राहील."

"मग इंग्रजींत सही करूं?"

"सेवापुस्तकात मोडी आहे. दुसरी केलीत तर ती बनावट. खोटं हजर राहण्यापेक्षा खरं गैरहजर राहा."

व्यंकोजी रोज येत, मान मोडून काम करत, आणि रोज त्यांची एक रजा कापली जाई. ही रजा त्यांनी मुलीच्या, भव्याच्या लग्नासाठी साठवली होती. लग्न तंजावरला होते. उरलेली तरी वाचावी म्हणून त्यांनी अर्ज केला. अर्जावरची सहीही पाटीवरच.

"अर्जदार गैरहजर आहे," उमाकांत खिन्नपणे म्हणाले. "गैरहजर माणसाचा अर्ज घेऊ कुणाकडून?"

घरी पत्नी सकवारबाईंनी सगळे ऐकून घेतले. "गेलां तर रजा जाते. मग जातां कशाला म्हणतें मी?"

व्यंकोजी हसले आणि हसताहसता थांबले. चेन्नईत वीज वरचेवर जाई, म्हणून निघालेले एक परिपत्रक त्यांना आठवले : ज्या दिवशी यंत्रात नोंद नसेल, त्या दिवशी वीज नव्हती असे समजून कर्मचाऱ्यास हजर धरावे.

दुसऱ्या दिवशी ते घरीच राहिले आणि हजर लागले. पुढे त्यांनी तंजावरला मांडव घातला, कन्यादान केले, पंगतीत आग्रह केला. हे सारे, नोंदीप्रमाणे, कार्यालयीन कर्तव्य बजावत असताना. मांडवात उमाकांत भेटले.

"सार! आज ऑफिस नाहीं?"

"आहे की. मी तिथेच आहे." उमाकांतांनी जिलेबी घेतली. "तुम्हीही दिसला होतात."

हळूहळू सारे कार्यालय असेच नियमित झाले. शंभर टक्के हजेरीबद्दल व्यंकोजींना प्रशस्तिपत्र जाहीर झाले. ते घ्यायला आज ते बऱ्याच दिवसांनी कार्यालयात आले आहेत. मिळाल्याची सही पाटीवर करायची आहे. हातात पेन आहे, अजून टेकवलेले नाही.

समोर खिडकीपाशी कामासाठी आलेल्या लोकांची रांग आहे, आत रिकाम्या खुर्च्या. रांगेत आपण असाल तर घरी जावे. ज्या कामाची नोंद नाही ते झाले असे धरावे, असे नवे परिपत्रक तयार आहे. त्यावर फक्त साहेबांची सही व्हायची आहे. साहेब हजर आहेत.