डॉक्टरांचा ‘आ’

दुपारी दवाखाना बंद असताना दाताचे डॉक्टर केबिनचं दार लावून लॅपटॉपवर आवाज बनवायला शिकत, हे कोणालाही ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने पेशंटच्या खुर्चीशेजारी छोटा कीबोर्ड मांडून सिंथेसायझरचे धडे गिरवावेत, हे त्यांचं त्यांनाच अवघड वाटे.

कारण मुलगी होती. ती दुसऱ्या शहरात एका स्टुडिओत गाण्यांचं ध्वनिमिश्रण करायची. आई होती तोवर बापलेकीचं बोलणं आईमार्फत चाले. आई गेली आणि फोन “जेवलीस?” “हो. तुम्ही?” “हो,” एवढ्यावर येऊन ठेपला. तिच्या कामातलं थोडंफार कळलं, तर पुढचं एखादं वाक्य सुचेल, असं डॉक्टरांना वाटलं.

ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. सुरुवातीचे धडे डॉक्टरांनी सहज पचवले. करवतीच्या दातांसारखी दिसणारी एक ध्वनिलहर होती, तिला तर त्यांनी लगेच आपलं मानलं. दात म्हटल्यावर त्यांना परकं वाटेना. मग गृहपाठ आला. या लहरीला फिल्टरने कोरून माणसाच्या गळ्यातला ‘आ’ काढा. हेडफोन नको, स्पीकरवर ऐका.

जन्मभर दुसऱ्यांना ‘आ’ करायला लावलेल्या माणसाला हे काय जड होतं? दाराचीही काळजी नव्हती. ड्रिलचा आवाज त्या दाराने वर्षानुवर्षं आत कोंडून ठेवला होता. बारीक आवाज दार अडवतं, जाडा मात्र भिंतीतूनही निसटतो, हे पुढच्या धड्यात होतं.

बाहेर काही पेशंट वेळेआधीच येऊन बसले होते. दवाखान्याचं सगळं बघणाऱ्या मावशी टेबल पुसत होत्या. तेवढ्यात आतून ‘आऽऽ’ आलं. खोल, ताणलेलं, शेवटी तुटलेलं.

“आत कोण आहे?” गाल धरून बसलेल्या एका आडदांड गृहस्थांनी विचारलं.

“कोणी नाही. डॉक्टर एकटेच आहेत.”

पुन्हा ‘आऽऽ’. डॉक्टर आत फिल्टर जरा जरा उघडत होते. गृहस्थांनी गालावरचा हात काढला.

“माझं आता बरंच कमी वाटतंय,” ते म्हणाले आणि निघून गेले.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांना उमगलं होतं. बाईसाहेब गेल्या तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. साचलेलं ते सगळं आज वाट काढत होतं. त्यांनी उरलेल्या पेशंटना हळू आवाजात परत पाठवलं, शेजारच्या केमिस्टला बोलावलं आणि मुलीला फोन लावला.

“ताई, तुम्ही निघा. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

केमिस्ट आत आला तसा डॉक्टरांनी घाईघाईने लॅपटॉप मिटला. केमिस्टने स्टूल ओढलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

“दाबून ठेवू नका, डॉक्टर.”

“तुम्हाला ऐकू आलं?”

“सगळ्यांना आलं.”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “अजून नीट जमत नाही मला.”

“जमेल. रोज थोडं थोडं करत जा.”

“रोज दुपारी करतोच की. शेवट फसतो.”

केमिस्टने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी मुलगी आली ती खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता थेट केबिनमध्ये. “बाबा, काय झालं?” तिच्यामागे मावशी, मावशींमागे केमिस्ट. आता लपवायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी लॅपटॉप उघडून कीबोर्डची एक पट्टी दाबली. ‘आऽऽ.’

केमिस्टला दुकान उघडं टाकल्याचं आठवलं. मावशीही बाहेर गेल्या.

मुलगी हसली नाही. तिने पुन्हा पट्टी दाबली आणि डोळे मिटून ऐकलं.

“हे कशाला शिकलात?”

डॉक्टरांनी भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत सांगितलं. मग तिने खुर्ची जवळ ओढली.

“सुरुवात फार धाडकन होते, बाबा. माणूस आधी श्वास घेतो. आणि सूर इतका सरळ राहत नाही, किंचित थरथरतो. शेवट तर तोडायचाच नाही, सोडून द्यायचा. आई काम करताना गुणगुणायची, तेव्हा सोडायची तसा.”

तिने दोन-तीन बटणं फिरवली. आवाज हळूच उगवला, थरथरला आणि विरत गेला. तो तिच्या आईचा नव्हता, पण विरण्याची रीत आईचीच होती. डॉक्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी हुंदका आला. मग दुसरा. मग त्यांना आवरेना. मुलीने त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं.

बाहेर ते आडदांड गृहस्थ परत आले होते. दाढेने घरी बसू दिलं नव्हतं. आतलं ऐकून ते अर्धवट उठले.

“बसा हो,” मावशी म्हणाल्या. “ते कॉम्प्युटरवर करतात.”

“पण अगदी खरं वाटतंय.”

मावशींनी क्षणभर कान दिला.

“छे,” त्या म्हणाल्या. “दुपारचं जास्त खरं वाटत होतं.”