साबणबंदीचे चुरी सर

कुणाविषयी लिहायचं तर त्याच्याशी नीट बोलता तरी यायला हवं, आणि मला अजून चुरी सरांसमोर धड वाक्य पुरं करता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेव्हा चुकलंमाकलं वाचकांनी सांभाळून घ्यावं, आणि सरांनी हे वाचूच नये.

सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवतात. त्यांचं सगळं संशोधन साबणावर, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत साबणाला सक्त मनाई. दारातच ते आमचे हात हुंगतात. पहिल्या दिवशी मी चिंचोटीहून चांगली घासूनपुसून अंघोळ करून आलो होतो. वास जाईपर्यंत व्हरांड्यात उभा राहिलो.

कारण आहे. भाताच्या तुसाच्या राखेतून सर सिलिकाचे कण काढतात, डोळ्यांना न दिसणारे. ते कण, खोबरेल आणि पाणी बाटलीत जोरात हलवलं, की कण तेलाच्या थेंबांभोवती बसतात आणि तेल-पाणी महिनोन्‌महिने वेगळं होत नाही. साबणही थेंबांभोवती जमतो, पण त्याचे रेणू सारखे ये-जा करतात. कण एकदा बसला की उठत नाही. फक्त साबण फार झाला, तर तो कणांची जागा बळकावतो.

"एक हात तेलात, एक हात पाण्यात, घर कुठेच नाही," सर साबणाबद्दल असं हळहळून बोलतात, जणू तो त्यांचा आतेभाऊ आहे. पंगतीत ते आमटीवरचे तेलाचे गोल बघत बसतात. ताक आलं तरी यांचा पहिला भात तसाच.

सरांचं लग्न राहूनच गेलं. निर्मळ गावात ते आणि त्यांचे वडील, आबा, दोघंच. सरांच्या धाकट्या बहिणीने, सुनंदाताईंनी, ख्रिस्ती घरात लग्न केलं, तेव्हापासून आबा त्यांच्याशी बोललेले नाहीत. ताईंचं घर केळीच्या वाडीपलीकडेच, पण नात जेनीलाही आबांनी लांबूनच पाहिलेलं. मधे फिरते ती सरांची स्कूटर. वाडीतली केळी ताईंना "आबांनी पाठवली" म्हणून, आणि ताईंचा नाताळचा केक आबांना "कॉलेजने दिला" म्हणून.

यंदा केक पोचवताना मी सोबत होतो. आबांनी तुकडा सावकाश संपवला.

"तुमच्या कॉलेजात जायफळ अगदी तुझ्या आईसारखं घालतात रे."

सर घाईघाईने प्राचार्यांच्या स्वयंपाकाचं कौतुक करू लागले. प्राचार्यांना चहाही येत नाही.

परतताना मी धीर करून विचारलं, दोघांना समोरासमोर का आणत नाही. सर म्हणाले, "माझ्याने होणार नाही. मी नुसता ये-जा करणारा."

गेल्या आठवड्यात स्कूटर गॅरेजमध्ये अडकली. केळी अंगणात पिकत पडली. सर रोज उद्या नेतो म्हणत आणि राखेत हात घालून बसत.

शुक्रवारी ताईंचा फोन आला. सरांचे हात भरलेले, म्हणून मी स्पीकर लावला.

"दादा, आबा आलेत. घड सायकलला बांधून. जेनी त्यांच्या मांडीवर बसलीय, उठवली तरी उठत नाही."

सरांनी राखेच्या हातांनीच तेल-पाण्याची बाटली उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "परत सांग."

ताईंनी परत सांगितलं.