फडफडतं ते डिझेल खातं

बाळारामदादा स्कूटरवर माझ्या मागे बसला की माझ्या शर्टाची दोन्ही टोकं मुठीत गच्च धरून बसतो. पडायच्या भीतीने नव्हे, शर्ट वाऱ्यावर फडफडू नये म्हणून. भिवंडीच्या भर रस्त्यात लोक वळून बघतात. पन्नाशीला आलेला, गोदामात हेडक्लार्क असलेला मी, आणि मागून एक म्हातारा मला कासरा धरून हाकतोय, असं ते दृश्य असतं. मला लाज वाटते. तशी मला बऱ्याच गोष्टींची लाज वाटते. पण शेजारी म्हणून दादाची जरा जास्तच.

"दादा, सोड ना शर्ट."

"फडफडतं ते डिझेल खातं."

"अरे, ही पेट्रोलवर चालते."

"मग पेट्रोल खातं. खातं ना?"

शेलार गावाकडची दादाची भातशेती गोदामवाल्यांकडे गेली आणि त्या जागी त्याच्या दारात ट्रेलर आले. पुढचा ओढणारा भाग, त्याला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात, आणि मागे जोडायचा ट्रेलर. घोडा तोच, पण मागे काय जोडलंय त्यावर तो डिझेल किती पितो ते ठरतं, हे दादाचं अध्यात्म. सपाट ट्रेलर म्हणजे सज्जन. लोखंड लादा, गपचूप वाहतो. पिंजरा म्हणजे उंच दांड्यांचा, वर ताडपत्री टाकलेला ट्रेलर. आत माल हलका असला तरी वारा अडवतो आणि घोड्याला रडवतो.

माणसंही त्याने याच दोन पेट्यांत भरली आहेत. माझ्या बायकोला तो तोंडावर म्हणाला, "वहिनी, तू सपाट हायस. कितीबी लादा, आवाज न्हाय." ती दिवसभर गप्प होती, कौतुक की अपमान, हे तिला ठरवता येईना. माझ्या साहेबांना गोदामात बघून तो माझ्या कानात म्हणाला, म्हणजे त्याला कानात वाटलं, ऐकू सगळ्यांना गेलं, "तुझा साहेब पिंजरा हाय रं. आत काय न्हाय, नुसता वारा अडवतो."

दादा कापडाच्या लूमच्या कारखान्यातून सुताचं वेस्टेज आणतो आणि त्याचे तुकडे ट्रेलरला जागोजागी बांधतो. गाडी निघाली की मला स्कूटरवरून तिच्या मागे जायला लावतो. "धागा चिकटून ऱ्हायला तर वारा सरळ गेला. नाचला तर समज, तिथं डिझेल चाललंय." नाक्यावर उभ्या असलेल्या त्याच्या ट्रेलरला लूमवर काम करणाऱ्या एका माणसाने मन्नतीचा धागा समजून आपलाही धागा बांधला. पुढच्या आठवड्यात तिथे एक बाई हात जोडून उभी होती. दादा तिला हिंदीत समजावत होता, "ताई, ये भगवान नही है, ये सेमी ट्रेलर है."

एका लग्नाच्या वरातीत तर त्याने कहरच केला. नवरदेव घोडीवर, फेट्याचा शेमला मागे उडतोय. दादा बॅन्ड थांबवून पुढे गेला आणि शेमला नवरदेवाच्या कॉलरमध्ये खोचून आला. "घोडीला दम लागतो," म्हणाला. नवरीकडचे विचारू लागले, हे गृहस्थ कोणाबरोबर आलेत? मी दोन माणसं सोडून उभा होतो. मी आकाशाकडे बघितलं.

रविवारी मी त्याला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेतो. त्याचे गुडघे दुखतात, माझी कंबर. मी पाण्यात उतरलो की दादा "आलोच" म्हणून कुठेतरी जातो आणि कोरडाच परत येतो. एका रविवारी पाणी सोसेना, म्हणून मी लवकर बाहेर आलो. शोधत गेलो, तर वस्तीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका टेम्पोची ताडपत्री दादा सुताने आवळून बांधत होता.

"दादा, परक्याची गाडी आहे. चल बघू."

तेवढ्यात घरातून माझ्याच वयाचा एक माणूस बाहेर आला. दादाचे हात गाठीवरच थांबले.

"शेठ? म्हणजे तुम्ही हाय होय! दर रविवारी दोऱ्या कोण आवळतंय, म्हणून आम्ही डोकं खाजवतोय." मग माझ्याकडे वळून, "हे तुमचे कोण?"

"शेजारी," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की माझं मलाच कसंतरी झालं.

"मी गौतम जाधव. यांच्याकडे ड्रायव्हर होतो. आधी सपाट ट्रेलर होता, लोखंड भरायचो. मग यांनी पिंजरा घेतला. पुठ्ठ्याची खोकी भरायची. माल हलका झाला आणि डिझेल वाढलं. यांनी हिशोब केला, वजन कमी नि डिझेल जास्त, म्हंजे ड्रायव्हर चोर. नाक्यावर सगळ्यांसमोर बोलले. मी सांगत होतो, शेठ, पिंजरा उंच हाय, ताडपत्री ढिली हाय, फडफडतं ते डिझेल खातं. सगळे हसले."

मी दादाकडे बघितलं. तो टेम्पोच्या चाकाकडे बघत होता.

"तू गेल्यावर दुसरा ठेवला," दादा म्हणाला. "त्याचंबी डिझेल तेवढंच. मग तिसरा. त्याचंबी तेवढंच. मग मीच बसलो गाडीत. पडघ्याच्या पुढं हात बाहेर काढला, तर वाऱ्यानं हात मागं फेकला रं."

"मग यायचं होतं की."

"आलो ना. दर रविवारी येतो."

"ताडपत्रीकडं आलात. माझ्याकडं न्हाय."

"सगळ्यांना सांगत फिरतो ना मी, फडफडतं ते…"

"ऐकलंय. वरातीतलंबी ऐकलंय." गौतम हसला, पण थोडंसंच. "बोल माझे, नाव तुमचं. चोर बोललात तेव्हा मात्र माझं नाव घेतलं होतंत. आडनावासकट." मग त्याने दादाने मारलेली गाठ ओढून बघितली. "ढिली हाय. वज्रेश्वरीपर्यंतबी टिकायची न्हाय." ती सोडून त्याने स्वतः पुन्हा बांधली.

परत येताना माझा शर्ट अख्खा रस्ता फडफडत होता. दादाने तो धरला नाही. मीच स्कूटर हळू केली.

सोमवारी कामावर जाताना दादा दिसला म्हणून नाक्यावर थांबलो. ड्रायव्हर, हमाल, ट्रेलरवाले, सगळी नेहमीची गर्दी होती. दादाला बघून कोणीतरी ओरडलं, "काय दादा, आज कोनाचा फेटा खोचला?"

"फडफडतं ते डिझेल खातं," दादा म्हणाला. सगळे हसले. हसणं संपेपर्यंत तो थांबला. "हे माझं न्हाय. हे गौतम जाधव बोलला होता. अकलोलीचा गौतम जाधव. हितंच, ह्याच जागी. मी त्याला चोर बोललो. तुम्हीबी होता. त्यानं एक थेंब चोरला न्हवता."

एक हमाल बिडी विझवायला खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. दादा एकटा मधोमध उभा होता. मी सवयीप्रमाणे दोन माणसं सोडून उभा होतो.

समोरून एक उंच पिंजरा धडधडत गेला आणि त्याच्या वाऱ्याने दादाच्या खांद्यावरचा टॉवेल उडू लागला. मी ती दोन माणसं बाजूला सारून पुढे गेलो आणि टॉवेलचं टोक मुठीत धरून त्याच्या शेजारी उभा राहिलो.