नापास दगडांचं घर

घर बांधायचं ठरल्यावर सगळ्यात आधी मी दारावरची पाटी रंगवली. (पाया, भिंती, छप्पर वगैरे मागाहून होतातच.) पत्र्यावर निळा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं सुबक अक्षरांत लिहिलं, ‘कोंडीराम गेनू मुंगसे’. नावाखाली वीतभर जागा मुद्दाम मोकळी सोडली. बढती मिळाली की तिथं हुद्दा लिहायचा होता. पाटी वाळत ठेवून बायकोला म्हटलं, "प्रभा, अर्धं काम झालं बघ."

प्रभावती स्टोव्हला पिन मारत होती. चिंचवडची आमची भाड्याची खोली दहा बाय दहाची. स्टोव्ह उचलल्याशिवाय अंथरूण पडायचं नाही आणि अंथरूण उचलल्याशिवाय स्टोव्ह पेटायचा नाही. त्यात खोलीमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मेअखेर खोली मोकळी करा, असं त्यानं सांगून टाकलं होतं.

"अहो, मला एक खिडकीवालं स्वयंपाकघर द्या," प्रभा म्हणाली, "आणि पावसाच्या आत डोक्यावर छप्पर. पाटीचं काय, ती उशाशी घेऊनसुद्धा झोपता येईल."

तिचं म्हणणं, सरळ विटा आणाव्यात आणि गवंडी लावावा. पण चाकणच्या अलीकडे आमच्या गावात माझ्या वाटणीचे दोन गुंठे होते आणि त्यांना लागूनच चुलतभावाच्या नव्या विहिरीतून निघालेल्या काळ्या दगडांचा ढीग पडला होता. भाऊ म्हणाला, "ने सगळा, माझं रान तरी मोकळं होईल." झालं. मी ठरवलं, घर दगडाचं बांधायचं आणि स्वतः बांधायचं. कंपनीत मी इन्स्पेक्शन खात्यात. रोज शेकडो गिअर माझ्या हाताखालून जातात आणि केसाएवढी चूक मला लांबून दिसते. दगड तर गिअरपेक्षा मोठाच असतो.

प्रभाच्या हट्टापायी एक जाणता माणूस घेतला. आबाजी पाथरवट. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, आणि बोलण्याआधी तंबाखू चोळणारा.

गुरुवार हा आमच्या एमआयडीसीचा सुट्टीचा दिवस. संक्रांतीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी मी एसटीनं जागेवर हजर झालो. पिशवीत फूटपट्टी, काटकोन बघायचा गुण्या, वही, लाल रंगाचा डबा आणि पाटीचा उरलेला पांढरा रंग. कंपनीत नापास मालाला लाल रंग फासायची पद्धत आहे, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात जात नाही. तीच शिस्त मी इथं लावली. उंची नऊ इंच, तीन बाजू सपाट, कमीजास्त चाललं तर एक मिलिमीटर.

"सायेब," आबाजी म्हणाला, "हिरीतनं दगड निघतो, साबनाची वडी न्हाई निघत. मी घडीवतो की त्याला."

"आधी तपासणी, मग काम," मी म्हटलं. "कंपनीत असंच असतं."

आबाजीनं तंबाखू तोंडात टाकली आणि लिंबाखाली जाऊन बसला. मी ढिगातला सगळ्यात मोठा दगड मोजला. एकही बाजू सरळ नव्हती. इतका बेशिस्त दगड पाहून माझं डोकंच फिरलं. त्याच्या कपाळावर लाल रंग थापला आणि वर पांढऱ्या रंगानं सुबक अक्षरांत लिहिलं, ‘निकामी’.

दुसऱ्या गुरुवारी गावातल्या गवराबाई तिथून रानात निघाल्या होत्या. मी एका दगडापुढं गुडघे टेकून, एक डोळा मिटून त्याची धार बघत होतो. त्या थबकल्या.

"कोंडीराम, ह्यो कुठला द्येव म्हनायचा?"

"देव नाही मावशी, नापास दगड आहेत हे."

त्यांनी समजुतीनं मान हलवली. दृष्टांत झालेला माणूस असा एकदम कबूल करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. चपला काढल्या, लाल रंगाच्या त्या मोठ्या दगडाला हात जोडले आणि पुढं गेल्या.

तिसऱ्या गुरुवारी दगडावर हळदकुंकू होतं. चौथ्या गुरुवारी नारळ, उदबत्ती आणि आठ-दहा बायका. दर गुरुवारी कोंडीराम शहरातून उपाशी येतो, गुडघ्यावर बसून देवांना शेंदूर लावतो, ही बातमी गावभर झाली होती. (उपाशी हे खरं होतं. सकाळच्या एसटीच्या घाईत खाणं व्हायचं नाही.)

फेब्रुवारी संपला तेव्हा माझ्या वहीत ढिगातल्या सगळ्या, म्हणजे दोनशे बारा दगडांची नोंद होती. नापास दोनशे अकरा, पास एक. तो एकुलता एक पास दगड मी अभिमानानं आबाजीपुढं ठेवला. त्यानं त्याच्यावर हातोडी नुसती टेकवल्यासारखी मारली. दगडाचे दोन तुकडे झाले.

"बद्द वाजत हुता," आबाजी म्हणाला. "आत चीर हाय. दगड आधी कानानं बगायचा असतो, सायेब."

मला भयंकर लाज वाटली. पण आता मेअखेर दिसायला लागली होती. मी मोठ्या मनानं जाहीर केलं की मापाची अट सैल करतो, नापासातले घ्या. आबाजीनं हातोडी खाली ठेवली.

"शेंदूर लागल्याला दगड फोडू? माज्या हातनं न्हाई व्हायचं."

"अहो, ऑइलपेंट आहे तो. मीच लावलाय."

"लावला तवा आसंल. गवराबाईनं हात जोडल्यावर त्यो शेंदूर."

आता दोन गुंठ्यांत माझ्याकडे दोनशे अकरा देव होते आणि घराची एकही भिंत नव्हती. त्या संध्याकाळी प्रभाला सगळं सांगितलं. वाटलं, ही आता भांडेल. ती भांडली नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिनं नुसतं खोलीभर एकदा बघितलं आणि म्हणाली, "या गुरुवारी मी येते."

आली ती थेट गवराबाईंकडे गेली. दोघींचं काहीतरी ठरलं. गवराबाईंनी मोठ्या दगडाला कौल लावला, म्हणजे उजवी-डावीकडे तांदळाचे ओले दाणे चिकटवले. उजवा आधी पडला तर देव एकटा लिंबाखाली राहील आणि बाकीचे दगड घराला देईल. उन्हाची वेळ होती. उजव्या बाजूला ऊन होतं, डाव्या बाजूला सावली. वाळून उजवा दाणा पडला. (बाजू कुणी निवडली, हे मी आजवर विचारलेलं नाही.) मग प्रभा देवाला नवस बोलली, तोही मनातल्या मनात.

पुढचं काय सांगू. लगेचच्या सोमवारी कंपनीत मोठी ऑर्डर आली आणि माझ्यामागं ओव्हरटाइम लागला. सुट्टीचे गुरुवारसुद्धा गेले. मार्च गेला, एप्रिल गेला, निम्मा मे गेला. जागेवर जायला मिळेना म्हणून मी तळमळत होतो. आबाजीला सूचना लिहून पाठवायचो. त्याला वाचता येत नाही, हे मला मागाहून कळलं.

वीस मेला ओव्हरटाइम संपला आणि मी धावत गावी गेलो. घर उभं होतं. काळ्या दगडाच्या सरळसोट भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि स्वयंपाकघराला एक नाही, दोन खिडक्या. मी ओळंबा धरून पाहिला. दोरी भिंतीपासून तसूभर हलली नाही. माझे डोळे भरून आले. प्रभा खिडकीत उभी होती. तिला एवढी हसताना मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

नवस फेडायला आम्ही लिंबाखाली गेलो. मी नारळ फोडला आणि विचारलं, "काय मागितलं होतंस गं?"

"घर पुरं होईस्तोवर यांना ओव्हरटाइम लागू दे," प्रभा म्हणाली. "आबाजीच म्हणाले होते, सायेब आले न्हाईत तर दोन महिन्यांत हुईल."

मी देवाकडे बघितलं. कुंकवाच्या थरातून माझी पांढरी अक्षरं अजून स्पष्ट दिसत होती. ‘निकामी’. मी खिशातून रुमाल काढला आणि ती पुसायला वाकलो.

"राहू द्या हो, अक्षर किती छान आहे तुमचं," प्रभा म्हणाली. मग तिनं नव्या दाराकडे, त्याच सकाळी मी ठोकलेल्या पाटीकडे पाहिलं. "तिथंही नावाखाली जागा मोकळीच आहे बघा."