उसव म्हणणारा आवाज आणि कुणालाच ठाऊक नसलेली गोळी

जी वस्तू माणसाच्या डोक्यात आपोआप आणि फुकट तयार होते, ती डबीत भरून द्यायची म्हटली की समिती नेमावी लागते. न्यूरोस्टिरॉइड ही त्यातलीच वस्तू. मेंदू ती स्वतःच बनवतो, कुणाला न विचारता, निविदा न मागवता. स्किझोफ्रेनियात तिचा तोल बिघडत असावा आणि ती वरून दिल्यास विझलेला उत्साह परत यावा, अशी विद्वानांना आशा होती. आशा निर्माण झाली की प्रथम फॉर्म छापतात. इथेही छापले. चौसष्ट पानी.

त्यातल्या एका फॉर्मवर सही करणारा इसम कोट शिवणारा शिंपी होता. वीस वर्षं त्याला एक आवाज ऐकू येई. रोजच्या गोळीने तो बारीक झाला होता, पण गेला नव्हता. आवाज मितभाषी होता. कोट पुरा होत आला की डाव्या कानामागून एकच शब्द म्हणायचा, "उसव." शिंपी उसवायचा. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे दाजींचा, कोट अकरा वेळा उसवून झाला होता. (दरम्यान दाजी दोनदा सुटले आणि एकदा वाळले, त्यामुळे श्रम अगदीच वाया गेले असं म्हणता येणार नाही.) पण अलीकडे तो उसवतही नव्हता. मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसता बसायचा.

"उसवत होता तोवर निदान हात तरी चालत होते," त्याची थोरली बहीण, अक्का, चाचणी घेणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी समजावलं. रोजची गोळी चालूच ठेवायची. शिवाय एक नवी. नव्या गोळ्या दोन प्रकारच्या. एकीत औषध, दुसरी दिसायला तशीच पण आत काही नाही. कुणाला कुठली, ते रोग्याला कळू द्यायचं नाही.

"तुम्हाला माहीत असेल ना?"

"मलाही नाही."

"मग कुणाला?"

"एका बंद पाकिटाला."

अक्काचा पाकिटावर विश्वास बसला. ते डॉक्टरांपेक्षा कमी बोलत होतं.

दर मंगळवारी प्रश्नताई नावाने ओळखली जाणारी कर्मचारी शिंप्याला तीस प्रश्न विचारी आणि प्रत्येकाला एक ते सात गुण देई. जितके गुण जास्त, तितका माणूस नापास.

"आवाज आठवड्यातून किती वेळा येतो?"

"कोट किती आहेत त्यावर."

अशा उत्तरासाठी चौकोन नव्हता. ताई 'लागू नाही' लिहायची.

गुप्ततेचा परिणाम चौथ्या आठवड्यात दिसू लागला, मात्र डॉक्टरांवर. डाव्या दाराने येणारे रोगी जास्त तरतरीत आहेत, रखवालदार खोकतो त्यात खूण आहे, औषधांच्या खिडकीतली बाई आपल्याकडे मुद्दाम बघत नाही, अशा नोंदी ते करू लागले. गोळ्या दिव्यासमोर धरून बघू लागले. शिंप्याने हे ओळखलं. वीस वर्षांचा अनुभव होता.

"डॉक्टर, पाकीट तुमच्याशी बोलतं का?" त्याने हळूच विचारलं.

डॉक्टरांनी हातातली गोळी खाली ठेवली. "बोलत नाही. पण बघतं."

शिंप्याने प्रश्नताईचा एक कोरा तक्ता घेतला आणि तीसही प्रश्न त्यांना विचारले. शिंप्याचे त्या आठवड्याचे गुण अठ्ठावन्न होते, डॉक्टरांचे एकसष्ट. "सुरुवातीला सगळ्यांनाच असं होतं," तो म्हणाला. "झोप नीट घ्या. आणि एकटे बसू नका." डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं : रोग्याचा सामाजिक सहभाग वाढला.

सहाव्या मंगळवारी प्रश्नताईच्या कोटाचं बटण लोंबत होतं. शिंप्याच्या नजरेला ते सोसेना. त्याने खिशातून सुईदोरा काढला आणि तिथेच बटण लावायला घेतलं. दोरा तोडणार, तोच आवाज आला, "उसव."

"हा ताईंचा आहे," शिंपी मोठ्याने म्हणाला.

आवाज ओशाळल्यासारखा गप्प झाला. ताईने शिंप्याला तो दिवसभर काय काय करतो ते विचारलं, आणि तास कधी संपला ते दोघांनाही कळलं नाही. (हा तास समितीने पुढे 'आराखड्याचा भंग' म्हणून नोंदवला.)

दहाव्या आठवड्यात दाजींचा कोट पुरा झाला. डावी बाही अर्धं बोट लांब होती. शिंपी तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "राहू दे." कुणाला म्हणाला, ते अक्काने विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन रडून आली.

बाराव्या आठवड्यात पाकीट फोडलं. शिंप्याला रिकामी गोळी मिळाली होती. औषधाच्या गटाचे गुण सरासरी नऊने सुधारले, रिकाम्या गटाचे नऊने, आणि कुठलीच गोळी न घेतलेल्या डॉक्टरांचे, पाकीट फुटताक्षणी, बाविसाने. आणखी संशोधनाची गरज आहे, यावर समितीचं एकमत झालं.

"ती रिकामी गोळी पुढे कुठे मिळेल?" अक्काने विचारलं. तिच्या मागे रांग होती.

वाचकांच्या माहितीसाठी : ही कथाही दोन प्रकारांत वाटली आहे. एकीत विनोद आहे. दुसरी दिसायला हुबेहूब तशीच, पण आत काही नाही. आपल्याला कुठली मिळाली ते आम्हाला माहीत नाही. मध्ये कुठे हसू आलं असल्यास लगेच निष्कर्ष काढू नये. रिकाम्या गटातले वाचकही तितकेच हसले आहेत.