वॉल्टसाहेबांचे गुडघे

वॉल्टसाहेब कलिंगड कधी हातात धरून आणत नसत. डाव्या बगलेत दाबायचे, मान खाली घालायची आणि भटारखान्यापर्यंत अशी मुसंडी मारायची की वाटेतल्या शेळ्यासुद्धा बाजूला व्हायच्या. पोचल्यावर धापा टाकत म्हणायचे, "अजून चार यार्ड असते तरी गेलो असतो!"

साठच्या दशकातली गोष्ट. अबुधाबीच्या वाळूत एका तेलकंपनीचा कॅम्प होता. साहेब तिथे पाइप उतरवून घेणारे फोरमन, मी रत्नागिरीचा इसाक, स्टोअरकीपर. त्याआधी अमेरिकेत ते आठ वर्षं पगारी फुटबॉल खेळले होते. तिकडचा बॉल म्हणे बगलेत धरून पळायचा.

"मग पाय कशाला?" मी विचारलं.

"दुसऱ्यांनी मोडायला."

नाक तीनदा, बरगड्या दोनदा, गुडघ्यांचं तर मोजायचंच सोडलेलं. शेवटी क्लबानं सांगितलं, खलास. साहेब खुर्चीतून उठायचे तेही तीन हप्त्यांत, आणि दर हप्त्याला एकेक जुना सामना सांगायचे. ऐकून ऐकून मी पार विटलो होतो बाबा!

मग डॉक्टरांची वार्षिक तपासणी आली आणि साहेबांचं तोंड उतरलं. गुडघे नापास झाले तर कंपनी घरी पाठवणार. मला दया आली. म्हटलं, आमच्याकडे म्हातारेसुद्धा उकिडवे बसतात, म्हणून त्यांचे गुडघे मोकळे! आठवडाभर खोबरेल चोळून मी त्यांना रोज थोडं थोडं खाली बसवलं. तपासणीच्या सकाळी पुरते बसले, ते बसलेच. दोघा पठाणांनी उचलून, तसेच घडी घातलेले, डॉक्टरांपुढे नेऊन ठेवले. या अल्ला! सगळं मुसळ केरात.

साहेबांचं सामान बांधायला गेलो तेव्हा माफी मागितली. वर उगाच म्हटलं, "जाऊ द्या साहेब, आपल्या माणसांत चाललात."

"कुठली माणसं?" बॅगेचा पट्टा आवळत ते म्हणाले. "तिकडे हजारो लोक माझं नाव ओरडायचे. पण 'खाना खाया?' असं रोज विचारणारा तू एकटाच भेटलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, आम्ही कोकणातली माणसं. येईल-जाईल त्याला हे विचारतो, जिभेची सवय! उत्तर ऐकायला मी कधी थांबलोच नव्हतो.

त्या दिवशी विचारलं आणि थांबलो.

"नाही," साहेब म्हणाले.