सरपंचांच्या गोठ्यातली लाळ

ओक-बुनने मिठात मुरलेल्या कोबीच्या पानात मिरचीचा लालभडक मसाला गुंडाळला आणि तो घास नवऱ्याच्या तोंडात कोंबला. हिवाळ्याची किमची घालायच्या दिवशी चव बघायचा मान घरधन्याचा. पिल-सूच्या कानांतून धूर निघायचा बाकी राहिला. पण गावातल्या बायका हातमोजे चढवून बघत होत्या, म्हणून तो "वा, झकास" म्हणाला. झालं! खूश होऊन तिने वाडगाभर किमची त्याच्या हातात ठेवली. तो वाडगा घेऊन गोठ्याकडे सटकला, कोंड्याच्या बादलीत पालथा केला, वरून कोंडा लोटला आणि भोंग्यावर बोलायला निघून गेला.

पिल-सू गावचा सरपंच. शेजारच्या तालुक्यात लाळ्या-खुरकूत आल्यापासून तो रोज सकाळी गावाचे कान किटवत होता. फाटकाशी चुना पसरा, बूट जंतुनाशकात बुडवल्याशिवाय गोठ्यात पाऊल टाकू नका, जनावरं इकडेतिकडे नेऊ नका, लस टोचली म्हणून निर्धास्त राहू नका. आणि तोंडाला लाळ दिसली तर लपवू नका, लगेच कळवा. आज तर त्याने हे सगळं दोनदा सांगितलं.

परत येतो तो काय, गाभण नुरंगी गाईच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत. पिल-सूची पाचावर धारण बसली. रोग ठरला की गोठ्यातली सगळी गुरं मारून पुरली जायची, हे त्याला ठाऊक होतं. अशा वेळी बादली कुणाला आठवते?

"थंडीनं असेल गं," तो मागून आलेल्या बायकोला हळूच म्हणाला. "संध्याकाळपर्यंत बघू."

"सकाळी भोंग्यावर कोण ओरडत होतं?"

"ते गावासाठी होतं."

"मग आपण कुठं राहतो?"

नुरंगीला ओक-बुनने वासरू असताना बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. तरी तिनेच तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्याला फोन लावला आणि पत्ता खणखणीत आवाजात सांगितला. मग अंगणात जाऊन बायकांना म्हणाली, "तपासणी होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. तुमच्याही घरी गुरं आहेत. शिव्या नंतर घाला."

शिव्या कुणी घातल्या नाहीत. बायकांनी घरी फोन करून चाऱ्याचं सांगितलं आणि पुन्हा मसाला चोळायला बसल्या. मिठातला कोबी थोडाच थांबतो? चुन-न्ये आजी, गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात फटकळ बाई, तीसुद्धा मान खाली घालून मसाला चोळत होती. पिल-सू फाटकाशी उगाच चुन्यावर चुना टाकत राहिला. बायकोकडे बघून त्याला वाटलं, सरपंच खरं तर हिलाच करायला हवं होतं. त्याचा ऊर भरून आला आणि त्याला लाजही वाटली.

तालुक्याच्या डॉक्टर ह्वांगबाई पांढरा पोशाख चढवून आल्या. ताप पाहिला, खुरांच्या बेचक्या पाहिल्या, लाळेचा नमुना तपासला. अंगणातले हात थांबले.

"रोग नाही," त्या म्हणाल्या. "ताप नाही, एक फोडही नाही."

ओक-बुन रडायला लागली. डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असा फोन दहादा खोटा निघाला तरी मी धावत येईन. लोक वाट बघत बसतात आणि मग आम्ही पोचेस्तोवर शेजारचे गोठेही गेलेले असतात. सरपंच, बायको मोठी धीराची आहे तुमची."

"आहेच," पिल-सू अभिमानाने म्हणाला.

"फक्त एक सांगा." डॉक्टरबाईंनी चिमट्यात धरलेलं काहीतरी वर केलं. "हे हिच्या दाढेत सापडलं. गाईला किमची कुणी घातली?"

लाल मसाल्याने माखलेलं कोबीचं पान होतं ते. ओक-बुनने आधी पानाकडे पाहिलं, मग बादलीकडे, मग नवऱ्याकडे. पिल-सू चुन्याइतका पांढरा पडला.

तिने डोळे पुसले, हात धुतले, सगळ्यात मोठं पान निवडलं, त्यात मूठभर मसाला भरला आणि त्याच्यापुढे धरलं.

"आ करा."

त्याने निमूटपणे आ केला. चावला, गिळला. डोळे वाहायला लागले, पाठोपाठ तोंडही.

"कसं झालंय?"

"झ... झकास."

डॉक्टरबाई पिशवी उचलून निघाल्याच होत्या. चुन-न्ये आजीने त्यांना हाक मारली.

"थांबा हो जरा. लाळ दिसली की लपवायची नाही, असं आमचे सरपंच रोज सांगतात."